सहा महिन्यांची पांढरी पावडर : माझा पीएचडीचा अनुभव

बरेच जण विचारतात की पीएचडीत एवढी वर्षं नक्की करतात काय, म्हणून लिहितेय. युनिव्हर्सिटीचं नाव नको, टेक्नॉलॉजीवाली आहे, एमटेक आणि पीएचडीवाल्यांचीच गर्दी, एवढं पुरे. ॲडमिशन जानेवारी २०२० ची आणि मार्चमध्ये लॉकडाऊन, त्यामुळे पहिलं वर्ष कळव्याच्या घरात पेपर वाचण्यात आणि ऑनलाईन कोर्सवर्कमध्ये गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

विषय होता टायटॅनियम डायऑक्साइड. घराच्या रंगात, सनस्क्रीनमध्ये असते ती पांढरी पावडर. तिच्यावर प्रकाश पडला की पाण्यातले डाय (कापडाला वापरतात तसले रंग) वगैरे तुटतात. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी याच मटेरियलवर प्रकाश टाकून पाणी फोडून (म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करून) दाखवलं आणि तेव्हापासून सगळं जग हिच्या मागे आहे. अडचण एकच, हिला यूव्ही (अतिनील प्रकाश) लागतो आणि उन्हात यूव्ही जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून हिच्यात नायट्रोजन घुसवायचा, म्हणजे साध्या उन्हातही काम होईल. नायट्रोजन कुठून आणायचा तर युरियातून, हो हो तोच युरिया. जेल बनवायचं, वाळवायचं, खलात घोटायचं आणि मफल फर्नेसमध्ये (लॅबमधली विजेवरची बंद भट्टी) ४५० डिग्रीला भाजायचं. बाहेर येते ती फिकट पिवळी पावडर, अगदी बेसनासारखी.

सुरुवातीला छान जमलं. मग आमची जुनी फर्नेस बंद पडली आणि दुसऱ्या लॅबमधून एक आली, तीही जुनीच पण डिस्प्ले चकाचक. त्यानंतर माझ्या रिझल्टला जी उतरती कळा लागली ती लागलीच. मेथिलीन ब्लू (टेस्टसाठी वापरायचं निळं डाय) आधी दोन तासांत फिकं व्हायचं, आता संध्याकाळपर्यंत निळंच्या निळं. मी लॅम्प बदलला, डायची बाटली नवीन उघडली, अंधारात अर्धा तास ढवळायची स्टेप परत परत केली (डाय नुसतं पावडरीला चिकटतंय की खरंच तुटतंय हे कळायला ती लागते), मॅडमना (माझ्या गाइड) वाटलं मी वजन नीट करत नाही, मलाही तसंच वाटायला लागलं. एक्सआरडीचा (एक्स-रे टाकून पावडरीतल्या अणूंची रचना बघायची टेस्ट) स्लॉट मिळायला तीन-तीन आठवडे, आणि पहिल्या बॅचचं एक्सआरडी होतंच ना, मग परत कशाला, असा माझा शहाणपणा. पावडर आता पांढरी येत होती. रोज डोळ्यासमोर. मी वहीत लिहिलंय पण, 'रंग थोडा फिका'. फिका कसला डोंबलाचा.

शेवटी एक्सआरडी केलं. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अणूंची रचना वेगवेगळ्या प्रकारची असते. आपल्याला हवा तो ॲनाटेज, ग्राफवर त्याचा पीक २५.३ अंशाच्या कोनाला येतो. माझ्याकडे २७.४ ला हा भलामोठा पीक, म्हणजे रूटाइल, दुसरा प्रकार. हा प्रकार साधारण सहाशेच्या पुढे भाजलं की व्हायला लागतो, आणि मी तर ४५० च्या वर कधी गेलेच नव्हते.

त्या रात्री जेवताना हे सगळं बाबांना सांगत होते. बाबांची सगळी नोकरी रबाळ्याच्या एमआयडीसीत, हीट ट्रीटमेंटमध्ये. त्यांनी ताटातून मान पण वर केली नाही, म्हणाले, "अगं डिस्प्ले काय, तो थर्मोकपल सांगेल तेच दाखवणार. त्याचं टोक कुठंय ते बघितलंस का?" (थर्मोकपल म्हणजे फर्नेसच्या आतलं तापमान मोजणारी तार.) दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या काकांना घेऊन मागचं कव्हर उघडलं, तर टोक मागे सरकून विटेत शिरलेलं. विटेत ऊब कमी, ते बिचारं कमी दाखवतंय, आणि कंट्रोलर आपला अजून तापव अजून तापव. दुसरा थर्मोकपल आत ठेवून बघितलं, डिस्प्लेवर ४५० आणि आत ६४०. नायट्रोजन केव्हाच उडून गेलेला. सहा महिन्यांची पावडर, एकोणीस डब्या. रडले नाही, पण ठाण्याला उतरायचं होतं ते डोंबिवलीला जाऊन पोचले.

परत सगळं केलं, पिवळी पावडर आली. मग कमिटीतल्या एका सरांनी विचारलं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये सगळ्यांचंच चालतं, खऱ्या पाण्यात काय? ठाण्याची खाडी घराजवळच. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), आणि एका काठाला एमआयडीसी. ऐरोलीच्या बाजूने भरतीचं आणि ओहोटीचं पाणी बाटल्यांत भरून आणलं, ट्रान्स हार्बर लोकलला पिशवी मांडीवर घेऊन, शेजारची बाई वासाने उठून गेली. गाळून त्यात डाय टाकलं, पावडर टाकली आणि काहीच होईना. खारट पाण्यात पावडरीचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, आणि डाय तोडणारे जे रॅडिकल्स (प्रकाशामुळे पावडरीवर तयार होणारे फार तिखट, क्षणभर टिकणारे कण) असतात ते क्लोराइड आणि बायकार्बोनेटच गिळून टाकतात. भरतीच्या पाण्यात तर फारच वाईट. मला वाटलं गेलं आता. पण मॅडम म्हणाल्या हेच लिही, हाच तुझा चॅप्टर. पावडर काचेच्या मण्यांवर बसवून थोडंफार काम झालं, फार नाही, जेवढं झालं तेवढंच लिहिलं.

पेपरचं म्हणाल तर युजीसीने २०२२ मध्ये थिसिसआधी पेपर छापून आणायची सक्ती काढली, पण मी आधीची ना, मला जुनेच नियम. पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने आयसोप्रोपेनॉल टाकून रॅडिकलची टेस्ट मागितली (ते रॅडिकल गिळतं, मग डाय तुटायचं मंदावतं का बघायचं), ती केली. सिनॉप्सिस, प्लॅजिअरिझम चेक, फॉर्मवर सह्या गोळा करत जिने चढणं, ते सगळीकडे सारखंच असतं. व्हायवात (शेवटची तोंडी परीक्षा) अर्धा वेळ खाडीवरच प्रश्न.

फर्नेस नंतर दुरुस्त झाली. मी तेव्हा वैतागून तिच्यावर टेप चिकटवली होती, 'डिस्प्लेपेक्षा आत १९० ने जास्त'. ती काढायची राहिली. परवा लॅबमध्ये गेले तर फर्स्ट इयरची मुलगी रडकुंडीला आलेली, ताई माझी पावडर चॉकलेटी का येतेय, सगळं सांगितल्यासारखंच तर केलं. किती डिग्रीला लावलीस विचारलं तर म्हणे २६०.