ब्रिटनमधील परिचारिका नोंदणीचे नूतनीकरण : माझा रिव्हॅलिडेशनचा अनुभव

ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून काम करायचे असेल, तर नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या, म्हणजे एनएमसीच्या नोंदवहीत नाव असावे लागते, आणि दर तीन वर्षांनी त्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. इथे या प्रक्रियेला रिव्हॅलिडेशन म्हणतात. मिड स्टॅफर्डशायर येथील रुग्णांच्या हेळसांडीची चौकशी करणाऱ्या रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अहवालाने २०१३ मध्ये परिचारिकांसाठी अशा व्यवस्थेची शिफारस केली होती आणि एप्रिल २०१६ पासून ती लागू झाली. मी नुकतीच या प्रक्रियेतून गेले. भारतातून इथे आलेल्या अनेक जणी पहिल्या वेळी तासांच्या बेरजेचीच चिंता करत बसतात, आणि खरी मेहनत जिथे लागते ते लेखन मात्र शेवटच्या महिन्यांवर ढकलतात, असे मला वारंवार दिसते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तीन वर्षांत ४५० तास प्रत्यक्ष काम झालेले असावे, ही पहिली अट. आठवड्याला साडेसदतीस तासांची नोकरी करणारीचे हे तास बारा आठवड्यांत भरतात, त्यामुळे नियमित नोकरीत त्याची काळजी उरत नाही. परिचारिका आणि सुईण अशी दोन्ही नोंदणी असेल, तर हा आकडा ९०० होतो. बाळंतपणाची किंवा घरच्या आजारपणाची दीर्घ रजा घेतली म्हणून तासांत सूट मिळत नाही. पण हिशेब संपूर्ण तीन वर्षांचा असल्याने रजेच्या आधीचे आणि नंतरचे काम धरून तो बहुतेक वेळा जमतो.

निरंतर शिक्षणाचे तास ३५ लागतात आणि त्यातले किमान २० तास इतर व्यावसायिकांबरोबर सहभागाने झालेले असावे लागतात. एकटीने लेख वाचला तर तो शिक्षणात धरला जातो, पण या २० तासांत धरला जात नाही. त्याच लेखावर सहकाऱ्यांबरोबर चर्चा झाली, तर त्या चर्चेचा वेळ धरता येतो, मग ती चर्चा ऑनलाइन झाली तरी चालते. आगीपासून बचावासारखे जे सक्तीचे प्रशिक्षण सगळ्याच कर्मचाऱ्यांना घ्यावे लागते, त्याचा आपल्या कामाशी थेट संबंध नसेल तर ते मोजायचे नाही. प्रमाणपत्रावर एकूण तास छापलेले असतात, पण त्यात सहभागाचे किती होते हे बहुधा लिहिलेले नसते. म्हणून तारीख, विषय, पद्धत आणि दोन्ही प्रकारचे तास मी सत्र संपले की त्याच दिवशी नोंदवत असे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

आता लेखनाविषयी. आपल्या कामावर चिंतन करून लिहिलेल्या पाच नोंदी द्याव्या लागतात. त्यांना इथे रिफ्लेक्टिव्ह अकाउंट म्हणतात आणि एनएमसीच्या ठरलेल्या अर्जनमुन्यावरच त्या लिहायच्या असतात. काय घडले, त्यातून काय शिकलात, कामात कोणता बदल केलात आणि एनएमसीच्या आचारसंहितेशी त्याचा संबंध कोणता, अशा चार प्रश्नांना त्यात उत्तरे द्यायची असतात. आपल्याकडच्या नर्सिंग शिक्षणात प्रश्नोत्तरांची आणि केस स्टडीची सवय होते. स्वतःच्या कामाविषयी ‘मी’ म्हणून लिहिण्याची सवय मात्र होत नाही. त्यामुळे अनेक जणींच्या नोंदी व्याख्यानाच्या टिपणासारख्या होतात आणि तिसऱ्या प्रश्नापाशी येऊन अडतात.

माझ्या एका नोंदीचे उदाहरण देते. आमच्या वॉर्डमध्ये रुग्णाची प्रकृती खालावते आहे का, हे वेळीच ओळखण्यासाठी न्यूज टू हा तक्ता वापरतात. त्यात ऑक्सिजनच्या पातळीसाठी दोन मोजपट्ट्या आहेत. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा त्रास असलेल्या ज्या रुग्णांसाठी ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य ठरवलेले असते, त्यांच्यासाठी दुसरी मोजपट्टी वापरतात. या तक्त्यात गुण जितके जास्त, तितका धोका जास्त. पहिल्या मोजपट्टीवर ९० टक्क्यांना तीन गुण पडतात आणि दुसरीवर त्याच ९० टक्क्यांना शून्य. उलट अशा रुग्णाची पातळी ऑक्सिजन चालू असताना ९७ टक्क्यांवर गेली, तर तिथे तीन गुण पडतात, कारण जास्तीचा ऑक्सिजन त्याला घातक ठरू शकतो. या विषयावरच्या सत्रानंतर मी हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवली जाते तेव्हा, प्रत्येक फुप्फुसविकाराच्या रुग्णाबाबत एक प्रश्न ठरवून विचारू लागले : कोणती मोजपट्टी लागू आहे आणि तो निर्णय डॉक्टरांनी कागदावर नोंदवला आहे का? ‘कामात कोणता बदल केलात’ याचे उत्तर एवढेच होते आणि ते पुरेसे ठरले. चर्चेच्या वेळी माझ्या वरिष्ठ सहकारी सर्वांत जास्त वेळ याच नोंदीवर बोलल्या.

अभिप्रायही पाच लागतात. ते रुग्णाचे, नातेवाइकांचे, विद्यार्थ्यांचे किंवा सहकाऱ्यांचे असू शकतात आणि तोंडी असले तरी चालतात. इनहेलर कसा घ्यायचा हे मी रुग्णाला सांगितले होते, पण मी त्याच्याकडून ते करून घेतले तेव्हाच त्याला खरे समजले, असे त्या रुग्णाची मुलगी घरी जाताना म्हणाली. ते वाक्य मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवले. मात्र कोणत्याही नोंदीत रुग्णाचे नाव, खाटेचा क्रमांक किंवा ओळख पटेल असे काहीही येता कामा नये, आणि हा नियम मला अत्यंत योग्य वाटतो.

या पाचही नोंदींवर एनएमसीच्या नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीबरोबर चर्चा करावी लागते, आणि सर्व अटी पूर्ण झाल्याची खातरजमा शक्यतो आपल्या वरिष्ठांकडून करून घ्यावी लागते. वॉर्ड मॅनेजर स्वतः नोंदणीकृत परिचारिका असतील, तर दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत होतात. ही बैठक गडबडीच्या शिफ्टमध्ये उरकू नये. रोस्टर लागण्यापूर्वीच त्यांच्याकडून वेळ मागून घ्यावी. आरोग्य आणि वर्तणुकीचे घोषणापत्र तसेच व्यावसायिक विम्याचे संरक्षण असल्याची माहिती अर्जात द्यावी लागते, तो भाग लवकर होतो.

ज्या महिन्यात नोंदणी संपते, त्या महिन्याची पहिली तारीख ही अर्जाची मुदत असते आणि त्याच्या ६० दिवस आधीपासून ऑनलाइन अर्ज खुला होतो. नोंदणी खंडित झाली, तर पुन्हा दाखल करून घेतले जाईपर्यंत परिचारिका म्हणून काम करता येत नाही, म्हणून अर्ज खुला होताच भरावा. अर्जासोबत कागद जोडावे लागत नाहीत. परंतु काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात आणि तेव्हा अधिक माहिती द्यावी लागते. त्यामुळे सगळी फाईल पुढचे रिव्हॅलिडेशन पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावी. नोंदणीचे शुल्क दरवर्षी वेगळे भरायचे असते; त्याची तारीख या प्रक्रियेच्या धांदलीत निसटू देऊ नये.