चौदा शाखांचं एक फोल्डर

आमच्या पतसंस्थेच्या चौदा शाखा. मेढा, पाटण, महाबळेश्वर, कोयनानगर, बराचसा डोंगरी भाग. मुख्य कार्यालय साताऱ्यात, आणि संगणकाचं सगळं माझ्याकडे. व्याजदर किंवा कर्जाचा अर्ज बदलला की नवी फाईल त्याच दिवशी सगळीकडे पोहोचली पाहिजे. पूर्वी मी एकेका शाखेत रिमोटने शिरून ती टाकायचो. अख्खी दुपार जायची, तरी एखादी शाखा राहायचीच आणि तिथे ठेवीदाराला जुना दर सांगितला जायचा. ते मला फार लागायचं.

म्हणून रोबोकॉपीची बॅच फाईल लिहिली, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाईल. रोबोकॉपी म्हणजे फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे कॉपी करणारी आज्ञा, व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजमध्ये आयतीच येते. ठरवलं असं की साताऱ्याच्या सर्व्हरने रात्री दोनला सगळ्या शाखांत फोल्डर ढकलायचं. सकाळी येऊन बघतो तर काम पहिल्याच शाखेवर अडकलेलं. संध्याकाळी शाखेतली माणसं मेन स्विच बंद करूनच कुलूप लावतात, आणि ते बरोबरच आहे. इकडे रोबोकॉपी बंद मशीनची वाट बघत बसलेली. काही सांगितलं नाही तर ती 30-30 सेकंद थांबून 10 लाख वेळा प्रयत्न करते. हिशेब केला, 347 दिवस! आता दोन प्रयत्न आणि पाच सेकंद, हे आकडे मी सगळ्यात आधी लिहितो.

त्याहून वाईट चूक 'एमआयआर' स्विचची, म्हणजे आज्ञेपुढे लिहायच्या एका पर्यायाची. तो दोन्हीकडची फोल्डरं तंतोतंत सारखी करतो, म्हणजे मूळ फोल्डरात जे नाही ते पलीकडून पुसूनही टाकतो. एका शाखेतल्या मॅडमनी त्याच फोल्डरात 'स्कॅन' नावाचं फोल्डर करून कर्जदारांचे कागद ठेवले होते. मी आधी विचारलंच नव्हतं. अकराला फोन आला, "सर, माझं स्कॅनचं फोल्डर दिसत नाहीये. तुमच्याकडून काही झालंय का?" झालं होतं. रोबोकॉपीने पुसलेलं रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. शनिवारी मी स्वतः तिथे गेलो, कपाटातल्या फायली काढल्या आणि आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत ते सगळे कागद पुन्हा स्कॅन केले. मॅडम एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. एमआयआर तेव्हापासून बंद. कुठलीही नवी ओळ आधी 'एल' लावून चालवतो. त्याने काय काय होईल याची नुसती यादी मिळते, फायलींना हात लागत नाही.

मग मी दिशाच उलटी केली. शाखेचं मशीन सुरू झालं की दहा मिनिटांनी तेच साताऱ्याहून फोल्डर ओढून घेतं. हे काम वेळेवर सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरला मॅप केलेला झेड ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरच्या फोल्डरला दिलेलं छोटं नाव, दिसेलच असं नाही, म्हणून बॅच फाईलमध्ये सर्व्हरच्या नावासकट फोल्डरचा पूर्ण पत्ता. मूळ फोल्डर शाखांना फक्त वाचता येतं. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस विंडोजच्या फाईल शेअरिंगमधल्या दोषातूनच एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरला होता. तेव्हापासून सामायिक फोल्डरात लिहायची मुभा देताना मी दहादा विचार करतो. काउंटरचं कामही त्याच लाइनवर चालतं, म्हणून 'आयपीजी' लावून कॉपीचा वेग मुद्दाम कमी ठेवलाय. माझ्या पीडीएफपायी पेन्शन घ्यायला आलेल्या आजींना ताटकळावं लागू नये.

निकालाच्या कोडने मला दोन दिवस फिरवलं. शेड्युलर 1 दाखवतो म्हणजे काम फसलं असं मी धरून चाललो होतो. रोबोकॉपीत 1 म्हणजे फायली नीट कॉपी झाल्या, 0 म्हणजे नवीन काही नव्हतंच. काळजी 8 पासून पुढे. शिवाय आमच्या फायलींची नावं मराठीत, 'व्याजदर तक्ता', 'जामीनदार अर्ज'. लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीच्या फाईलमध्ये, त्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं यायची. 'युनिलॉग' हा पर्याय वापरल्यावर नावं नीट उमटली. आपल्या भाषेतलं फाईलचं नाव बदलून इंग्रजी करायचं मला मान्य नव्हतं.

प्रत्येक शाखा काम झालं की साताऱ्याच्या वेगळ्या लॉग फोल्डरात आपल्या नावाची फाईल टाकते. साडेदहाला मी त्या मोजतो. आज तेरा आल्यात, कोयनानगरची नाही. तिकडे पहाटेपासून पाऊस आहे, लाइन गेली असणार. नव्या दरांचा तक्ता फोनवर वाचून दाखवतो आणि तिथल्या मॅडमना लिहून घ्यायला सांगतो.