आमची वाटचाल: फोन घेणाऱ्यानेच कोड लिहायचा

दुसऱ्यांनी बनवलेल्या सिस्टीम चालू ठेवणं, हे आमच्या कंपनीचं पहिलं काम. सर्व्हर, नेटवर्क, ईमेल, अकाउंटिंग, स्टॉक, पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर. काही अडलं की ग्राहकाचा फोन यायचा, आम्ही लॉग (सिस्टीमने आपोआप ठेवलेल्या नोंदी) बघायचो, सर्व्हिस रीस्टार्ट करायचो, गरज पडली तर डेटा दुरुस्त करायचो. स्वतः सॉफ्टवेअर लिहायला आम्ही पुढे लागलो, पण क्वालिटीबद्दल आम्हाला जे काही कळतं ते सपोर्टच्या टेबलावर बसूनच कळलं.

तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद झालं म्हणजे प्रश्न सुटला असं नसतं. आम्ही नव्याने सपोर्ट घेतलेल्या एका ग्राहकाकडे दर महिनाअखेरीला बिलांची बेरीज आणि लेजरची बेरीज जुळत नसे. फरक अगदी किरकोळ, दशांश चिन्हानंतरचा. समायोजनाची एक नोंद टाकायची आणि ताळा जुळवायचा, अशी वहिवाटच पडली होती. आमच्या एका सहकारी मुलीला ते पटेना. तिने डेटाबेसचं टेबल उघडलं, तर रकमेचा कॉलम फ्लोट. फ्लोट या प्रकारातले आकडे बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ठेवले जातात आणि ०.१ हा साधा आकडाही बायनरीत नेमका बसत नाही, जसा एक तृतीयांश दशांशात बसत नाही. डबल प्रिसिजन या फ्लोटच्याच नेहमीच्या प्रकारात ०.१ एकापाठोपाठ दहा वेळा मिळवत जा, उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. एका बिलात हे कुणाच्या लक्षात येत नाही. हजारो ओळींची बेरीज झाली की येतं.

कॉलम डेसिमल करणं, म्हणजे आकडे दशांशातच नेमके ठेवणं, सोपं होतं. खरा प्रश्न पुढे होता: राउंडिंग, म्हणजे रक्कम जवळच्या आकड्याला आणणं, प्रत्येक ओळीवर करायचं की बिलाच्या एकूण रकमेवर? कोडमध्ये एका ठिकाणी एक पद्धत होती, रिपोर्टमध्ये दुसरी. हा निर्णय प्रोग्रामरने घ्यायचा नसतो. अकाउंट्सच्या प्रमुखांबरोबर बसून नियम ठरवला, त्यांच्याच जुन्या बिलांवरून टेस्ट (उत्तर बरोबर येतं का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम) लिहिल्या आणि मग कोड बदलला. त्या टेस्ट आजही प्रत्येक बिल्डला, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी प्रत तयार होते तेव्हा, चालतात. ती तक्रार पुन्हा आलेली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत रुळली. प्रत्येक डेव्हलपर आळीपाळीने सपोर्टवर बसतो. बग आला की आधी तो दाखवणारी टेस्ट लिहायची, ती नापास होताना बघायची, मगच दुरुस्तीला हात लावायचा. महिनाअखेर तोंडावर असताना अडकलेल्या माणसाचा आवाज ज्याने फोनवर ऐकलाय, तो एरर मेसेज वेगळा लिहितो. 'अज्ञात त्रुटी' असं लिहून तो मोकळा होत नाही. कोणत्या बिलात काय चुकलंय, हे सांगतो. टेस्टिंग हा प्रोजेक्टचा शेवटचा टप्पा मानणं मला म्हणूनच कधी पटलं नाही. शेवटी तपासून दोष सापडतात, पण तोवर त्या दोषावर आणखी चार गोष्टी उभ्या राहिलेल्या असतात.

टेस्ट नसल्या की सपोर्टवाल्याचेही हात बांधले जातात, आणि हे फारसं कुणी बोलत नाही. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, मे २०१७ मध्ये जगभर पसरलं. ज्या त्रुटीतून ते शिरलं, तिच्यावरचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तरीही असंख्य मशीन तशीच राहिली होती. लोक याला आळस म्हणतात. आमचा अनुभव वेगळा आहे. अपडेट टाकल्यावर आपलं जुनं सॉफ्टवेअर चालेल की नाही, हे सांगणारं कुणीच नसतं, म्हणून अपडेट पुढे ढकललं जातं. तासाभरात सगळे महत्त्वाचे व्यवहार तपासून देणारा टेस्टचा संच हाताशी असला, की पॅच टाकायची भीती उरत नाही.

रिलीजचंही तसंच. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीचं सुमारे पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान झालं. नवा कोड आठांपैकी एका सर्व्हरवर गेलाच नव्हता आणि तिथे वापरातून गेलेला जुना कोड जागा झाला. आमच्याकडे कुणी हाताने फाइली कॉपी करत नाही. रिलीज स्क्रिप्टनेच होतं आणि शेवटी प्रत्येक सर्व्हरवरची आवृत्ती स्क्रिप्टच तपासते. बॅकअपही 'यशस्वी' असा मेल आला म्हणून आम्ही धरत नाही. तो वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करायचा, अॅप्लिकेशन सुरू करायचं आणि आदल्या दिवशीची शेवटची नोंद दिसते का ते बघायचं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे सध्या जुनी सॉफ्टवेअर नव्या मशीनवर हलवायचं काम बरंच आहे. त्यातल्या काहींचा कोड लिहिणारे केव्हाच सोडून गेलेत, कागदपत्रंही नाहीत. अशा ठिकाणी आम्ही आधी त्या सिस्टीमचं आजचं वागणं, बरोबर असो वा विचित्र, टेस्टमध्ये जसंच्या तसं नोंदवून घेतो. मग ती यादी ग्राहकासमोर ठेवतो. यातलं काय मुद्दाम ठेवलेलं आहे आणि काय चुकून राहिलंय, हे तेच सांगू शकतात. या बैठका लांबतात, पण त्यांचा वेळ आम्ही कोटेशनमध्ये पहिल्यापासूनच धरतो.