लाकडी बैल, मारबत आणि चितार ओळी

२०२५ साली पोळा शुक्रवारी, २२ ऑगस्टला आला. त्यामुळे आमच्या नागपुरात दुसऱ्या दिवशी असणारा तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा पोळा, आणि मारबत, म्हणजे इडा पिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, शनिवारी, आणि गणपतीच्या आधीचा रविवार त्याला जोडून मोकळा, असा योग आम्हा दोघा नोकरदारांना लाभला. आमची लेक सात वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे. या वयात जे हाताने केले तेच लक्षात राहते असा माझा अनुभव आहे, म्हणून हे तिन्ही दिवस मुलांसोबत बाहेर काढायचे आम्ही आधीच ठरवून ठेवले होते.

खरी सुरुवात गुरुवारी संध्याकाळीच झाली. सासरे मूळचे शेतकरी घरातले. फ्लॅटमध्ये बैल नाहीत म्हणून खांदमळणी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे चोळायची रीत, चुकवायची हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी कपाटावरचा जुना लाकडी बैल खाली काढला, वाटीत लोणी आणि हळद कालवली आणि धाकट्याच्या हाताने बैलाच्या खांद्याला चोळून घेतली. वर्षभर ओझे ओढून बैलाचा खांदा दुखतो, तो आज शेकायचा असतो, हे ऐकल्यावर तो इतक्या हळुवारपणे चोळत राहिला की त्याला जेवायला उठवणे जड गेले. मग दोघांनी मिळून बैलाला सांगितले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." शुक्रवारी पुरणपोळीचा पहिला घास अर्थातच बैलाला गेला.

शनिवारी सकाळी सुभाष नगरहून मेट्रोने अग्रसेन चौकापर्यंत आणि तिथून पुढे पायी, असे आम्ही इतवारीत पोहोचलो. ज्यांची मुले लहान आहेत त्यांनी मारबतीच्या गर्दीत रस्त्यावर उभे राहू नये, असे मी मनापासून सांगेन. आम्ही ओळखीच्या एका कुटुंबाच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत बसलो, म्हणूनच मुलांना काही दिसले. नागपूरच्या काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते, आणि नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते. सोबत असतात ते बडगे, म्हणजे त्या त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे.

काळी मारबत समोर आली तेव्हा धाकट्याने माझ्या खांद्यात तोंड लपवले. मी त्याला आत न्यायला निघाले होते, पण आजोबांनी त्याला उचलून घेतले आणि विचारले, "तुझं काय काय न्यायला सांगू तिला?" खाली लोक एका सुरात "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असे ओरडत होते. जुलैभर खोकल्याने बेजार झालेला हा मुलगा आधी पुटपुटला आणि मग सगळ्या ताकदीने ओरडला, "खोकला घेऊन जा गे मारबत!" त्यानंतर त्याने एकदाही तोंड लपवले नाही. ज्या पुतळ्याची भीती वाटते त्यालाच काम सांगता येते, हे त्याला आम्ही शब्दांनी कधी समजावू शकलो नसतो.

लेकीचा प्रश्न अवघड होता. काळी मारबत कोण, हे तिला हवे होते. इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून भोसले घराण्यातील बाकाबाईंच्या निषेधात ही प्रथा सुरू झाली, असे नागपुरात सांगितले जाते. मी तिला हे सांगितले, पण "असे सांगतात" हे दोन शब्द मुद्दाम दोनदा उच्चारले. "बाकाबाईंनी काय सांगितलं असतं?" असे तिने विचारले. मला तो प्रश्न फार आवडला, आणि मी त्याचे उत्तर दिले नाही.

संध्याकाळी कॉलनीत तान्हा पोळा भरला. मुलांच्या लाकडी बैलांचा हा पोळा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासून चालत आला असे मानतात. महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यात मोठा लाकडी बैल आजही पुजला जातो. आमच्या तोरणाखाली वीसेक बैल उभे राहिले, कुणाचे नवे कोरे, तर कुणाचे आजोबांच्या हातचे. आमच्या बैलाचे एक चाक ऐन वेळी निखळले, ते लेकीने सुतळीने बांधले आणि तो लंगडत का होईना, सगळ्या दारी फिरला. प्रत्येक दारी पूजा, मग बोजारा, म्हणजे मुलांना मिळणारी भेट. कुठे दहा रुपये, कुठे करंजी. ज्या शेजाऱ्यांशी वर्षभर फक्त लिफ्टमध्ये नमस्कार होतो त्यांनी मुलांना आत बसवून बैलाचे वय विचारले. या एका संध्याकाळीसाठी मी पुढच्या वर्षी रजाही टाकेन.

रविवारी चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, गणपतीची मूर्ती ठरवायला गेलो. तिथे फार वेळ थांबता आले नाही, कारण मुले दमली होती. पण डोळे अजून रंगवायचे राहिलेल्या गणपतींसमोर दोघेही गप्प उभे राहिले. बुधवारी सकाळी मूर्ती न्यायला येतो असे सांगून आम्ही निघालो. परतताना मेट्रोत धाकट्याने विचारले, "गणपतीला आवतण दिलं का?" आजोबा म्हणाले, "नाही रे बाबू, राहिलंच की. मंगळवारी आपण दोघं मिळून देऊ."