भोपळा घाट चढंल व्हय?

वाई तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला नकाशा शिकवताना दरवर्षी माझं घोडं एकाच जागी अडायचं. "उत्तर कुठे?" विचारलं की निम्मा वर्ग छताकडे बोट करायचा. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वरच असते, पोरांचं तरी काय चुकलं?

यंदा पुस्तक मिटून ठेवलं आणि 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' सांगितली. म्हातारी वाईची, लेक पाचगणीला दिलेली. म्हटलं, आता तिची वाट काढा. पहिला दिवस फुकट गेला. सगळ्यांनी वाघच काढला.

दुसऱ्या दिवशी मैदानात खडूनं वाट आखली. "म्हातारी सकाळी निघाली. ऊन कुठे लागेल?" "पाठीवर!" म्हणजे तोंड पश्चिमेला. मग उजवा हात लांब केला की उत्तर. छत एकदाचं सुटलं.

एरवी तोंड न उघडणारी एक पोर म्हणाली, "बाई, म्हातारी येतानाच भोपळ्यात का बसली? जाताना का नाही?" वाघाला फसवायला, असं मी सांगणार, तोच मागून आवाज आला, "भोपळा पसरणी घाट चढंल व्हय?"

इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय, माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. पाचगणी सुमारे 1,290 मीटरवर, वाई 700 च्या आसपास. 12-13 किलोमीटरांत जवळजवळ 600 मीटरचा उतार! आकडे फळ्यावर लिहिले, पण पोरांना भोपळाच हवा होता. पोषण आहाराच्या मावशींकडून मागून आणला ("फुटला तर भाजी तुम्ही करायची, बाई") आणि शाळेच्या रॅम्पवरून सोडला. तो सरळ न जाता वळला आणि गटारीत जाऊन थांबला. पावसाचं पाणीही तिथंच जातं, हे पोरांनीच सांगितलं. तिथून घाटातले ओढे आणि कृष्णा यायला वेळ लागला नाही.

तूप-रोटीवरून मात्र भांडण झालं. पाचगणीची लेक आईला स्ट्रॉबेरी देणार नाही होय? शेवटी वरच्या टोकाला स्ट्रॉबेरी, खाली वाईकडे ऊस आणि हळद, अशा खुणा ठरल्या.

तो नकाशा आता वर्गात जमिनीवरच पसरलेला असतो, उत्तरेला उत्तर जुळवून. प्रमाण शिकवायचं अजून बाकी आहे. वाघ अख्ख्या पाचगणीपेक्षा मोठा आहे आणि तो लहान करायला कुणी तयार नाही.