गोठ्यातली फियाट

आमच्या दापोलीच्या घरी गोठ्यात गेली सोळा वर्षं एक फियाट उभी आहे. तिचं खरं नाव प्रीमियर पद्मिनी, पण ते फक्त आरसी बुकात. घरात, गावात, पेट्रोल पंपावर ती कायम 'डॉक्टरांची फियाट'. डॉक्टर म्हणजे आमचे वडील, अप्पा. त्यांनी गाडीचे पैसे भरले तेव्हा मी पहिलीत होते आणि गाडी दारात आली तेव्हा चौथीत. साल 1984. गाडीला जागा हवी म्हणून म्हैस विकली. गोठ्याची गव्हाण फोडली, जमिनीवर कोबा केला आणि ती पांढरी, मागे छोटे पंख असलेली, पुढे चकचकीत जाळी असलेली गाडी आत जाऊन बसली. म्हशीचा विषय आईने अजून सोडलेला नाही.

2009 साली अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी गाडी चालवणं थांबवलं. 2011 ला ते गेले. त्यानंतर ती किल्ली देवघराच्या खणात.

या दिवाळीत मस्कतहून दादाचा फोन आला. "फियाट रिस्टोअर करूया. खर्च मी देतो, तू फक्त बघ." हे 'तू फक्त बघ' मला चांगलं माहीत आहे. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, विहिरीचा पंप, सातबाऱ्यावरची नावं, हे सगळं मी 'फक्त बघितलेलं' आहे. मी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्स बघते. आकड्यांची सवय आहे म्हणून म्हटलं, आधी गाडीत काय उरलंय ते तर पाहू.

जायच्या आधी थोडं वाचलं. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट 1100. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. सत्तरच्या दशकात तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. इंजिन 1089 सीसी, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. माझ्या कामाची गोष्ट मात्र वेगळीच निघाली: या गाडीला खाली वेगळी चौकट नसते. ट्रकला असते तशी चेसिस नाही. जमीन, दाराखालचे पोकळ बॉक्स, खांब, छप्पर हा सगळा पत्राच मिळून गाडीचा सांगाडा. म्हणजे रंगाला फोड आलाय का, यापेक्षा खालचा पत्रा आहे का, हे बघायला हवं.

फ्रिजवरचा गणपतीचा लोहचुंबक काढला, त्याला जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळला, एक स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि गोठ्यात शिरले.

लोहचुंबकाची युक्ती साधी. पत्रा असेल तिथे चिकटतो, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे घसरून खाली पडतो. छप्पर, बॉनेट, डिकीचं झाकण, सगळीकडे गणपती पक्का बसला. मला आनंद झाला. डाव्या पुढच्या मडगार्डवर पडला, पण ते माहीत होतं. तिथे 1996 ची फणसाच्या झाडाची धडक आहे. मग दारांच्या खालच्या कडांना लावला. चारही दारांवर पडला. गंमत अशी की दाराच्या आत काचेवरून उतरलेलं पाणी बाहेर जायला तळाशी बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आतच राहतं आणि दार आतून बाहेर सडत येतं. बाहेरून रंग छान, आत चाळण. अप्पांनी कधीतरी तिथे लांबी भरून घेतली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आतली जमीन बघायला पायातली रबरी चटई उचलली. चटईबरोबर जमिनीचा एक पापुद्रा वर आला. अक्षरशः पापुद्रा, खारी बिस्किटाचा असतो तसा, थरावर थर, तांबडा. बोटाने दाबला तर चुरा झाला आणि भोकातून कोबा दिसला. कोब्यावर एक बेडूक बसला होता, त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो सावकाश मागच्या चाकाकडे गेला.

एवढा गंज कुठून आला? समुद्र आमच्यापासून लांब नाही. खारी हवा तर आहेच. पण घात केला तो आम्हीच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. गोठ्याची कौलं अंगणात आली, अंगणातला माड गोठ्यावर गेला. तालुक्यात सगळ्यांचीच छपरं उडालेली, कौलं मिळेनात, माणसं मिळेनात. लॉकडाऊनमुळे मी पुण्याला अडकलेली. शेजाऱ्यांनी मायेने गाडीवर निळी ताडपत्री घट्ट बांधली. ती दिवाळीपर्यंत तशीच. वरून पाऊस लागला नाही, पण खालून कोब्याचा ओलावा चार-पाच महिने ताडपत्रीखाली कोंडून राहिला. उघड्यावर असती तर निदान पावसाच्या दोन सरींमध्ये वाळली असती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचाचा आले. सत्तरीचे आहेत, अप्पांच्या गाडीचं काम तेच करायचे. आठवडाभर आधी येऊन त्यांनी प्लगच्या भोकांतून इंजिनात डिझेल आणि ऑईल सोडून ठेवलं होतं. आता क्रँकच्या पुलीला पाना लावला आणि दोन्ही हातांनी ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. मग आतून 'कुर्र' असा आवाज आला आणि पुली पावभर फिरली.

"ताय, इंजान मेलेला नाय," चाचा म्हणाले. "झोपलाय."

मी तिथेच दादाला मेसेज केला. आता वाटतं की थांबायला हवं होतं. कारण त्याचे पाठोपाठ सहा मेसेज आले, त्यातला एक रंगाचा होता. पांढरा नको, मूळचा वेगळा कुठला रंग मिळत होता का बघ म्हणे.

कबूल करते, मीही विरघळले होते. आंबेनळी घाट डोळ्यांपुढे आला. पुण्याला आत्याकडे जाताना खेड, पोलादपूर, मग तो घाट, वर महाबळेश्वर. अर्ध्या घाटात गाडी गुदमरायची, कारण तापून पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप ते ओढेना. अप्पा शांतपणे उतरायचे, बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि दगडावर बसून सुपारी कातरायचे. फडक्यासाठी पाण्याचा कॅन डिकीत कायम. पुढे अखंड सीट, त्यावर अप्पा, मधे मी, कडेला आई, खिडकीची ती तिकोनी काच उघडून तोंडावर वारा घेत. गावात अजून सांगतात की या गाडीच्या मागच्या सीटवर दोन बाळंतपणं झाली. खरं तर एकच झालं. दुसरी बाई दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचली होती.

तर चाचांनी जॅक काढला. पुढची बाजू उचलून खालून बघायची होती. दाराखाली जिथे जॅक लावायची जागा असते तिथे लावला आणि दांडा फिरवायला लागले. जॅक वर जायला लागला, गाडी जाईना. मी वाकून बघतेय, चाचा फिरवतायत, आणि करकर आवाज करत जॅक सरळ गाडीत शिरला. चटईच्या जागी, अप्पांचे पाय असायचे तिथे, जॅकचं टोक उगवलं. गाडी जमिनीवरून सूतभरही हलली नव्हती.

चाचा काही बोलले नाहीत. जॅक उतरवला, खिशातून तंबाखूची पुडी काढली. मग लाकडाचा जाड ओंडका घेतला, पुढच्या चाकाच्या मागे जिथे पत्रा अजून घट्ट होता तिथे आडवा घालून त्यावर जॅक लावला. या वेळी गाडी उचलली.

"आता दार लावून बगा," मला म्हणाले.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार लावायला गेले. लागेना. वरच्या कोपऱ्यात खांबाला घासत होतं, खाली बोटभर फट. जॅक उतरवल्यावर तेच दार अलगद लागलं. पुन्हा उचललं, पुन्हा लागेना. गाडी मधोमध वाकत होती. दाराखालचे बॉक्स आतून संपले होते आणि छपराच्या जोरावर सगळं कसंबसं धरून होतं. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे अडकतात ती जागाही चाचांनी स्क्रू ड्रायव्हरने टोचून दाखवली. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

सोळा वर्षांचा प्रश्न माझ्यापुरता त्या दाराने सोडवला. बाकी हिशोब मी नंतर केला, तो दादासाठी. खेडच्या एका पत्र्याचं काम करणाऱ्याने खालचा सगळा पत्रा नव्याने बसवायचे सव्वादोन लाख सांगितले, तेही 'उघडल्यावर अजून निघेल' या अटीवर. रंग नव्वद हजार. इंजिन, ब्रेक, वायरिंग, रबरं, सीट धरून आणखी दीड लाख. आता मिळतं ते इथेनॉल घातलेलं पेट्रोल, त्याला जुने रबरी पाइप टिकत नाहीत, तेही सगळे बदला. म्हणजे साडेचार लाखांच्या पुढे. त्याच आठवड्यात पुण्यात मी एक चालती पद्मिनी बघून आले, कागद चोख, मालक पावणेतीन लाख म्हणत होता.

सुटे भाग मिळतील का, तर मिळतात, कुर्ल्याला सीएसटी रोडला शोधलं तर. पण मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या. शेवटची 2003 ची नोंदणी होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. या टॅक्सी होत्या म्हणून भाग होते, आणि भाग होते म्हणून ते बसवणारे हात होते. चाचांचा मुलगा मोबाइलचं दुकान चालवतो.

कागदांचं तर विचारूच नका. नोंदणी 1999 ला नवी केली, 2004 ला केली, 2009 ला कोणी केली नाही. आरसी अजून अप्पांच्या नावावर. मालक गेल्यावर वारसांनी तीन महिन्यांत नाव बदलायचा अर्ज द्यायचा असतो, आम्ही चौदा वर्षं दिला नाही. एजंटाने हिशोब मांडला: वीस वर्षांवरच्या गाडीची नूतनीकरण फी ऑगस्ट 2025 पासून दहा हजार, शिवाय एप्रिल 2022 पासून उशिराचे महिन्याला पाचशे, म्हणजे साडेएकवीस हजार. वर पर्यावरण कर. आणि हे सगळं भरूनही गाडी फिटनेसला उभी करायची. दार न लागणारी.

दादा म्हणाला, मग व्हिंटेजमध्ये नोंदवू. त्याला सांगितलं की त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते, आपली एकेचाळीसची आहे, आणि तशी नोंदवलेली गाडी रोज फिरवताही येत नाही. तो म्हणाला, नऊ वर्षं थांबू. मी म्हटलं, ती थांबेल का विचार.

संध्याकाळी पडवीत आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, रडेल. ती सुपाऱ्या सोलत होती.

"मला त्या गाडीत कधी बसवलंच नाही धड," म्हणाली. "घाट लागला की उलटी. तुझे अप्पा फडकं टाकून बसायचे, आणि मी पलीकडे दरीच्या कठड्याला. तुम्हाला आठवत नाही, तुम्ही पुढे वारा खात होतात."

मी म्हटलं, वारा तू खात होतीस, तिकोनी काच तुझ्या बाजूला होती.

"हौसेने खात होते का?" आई म्हणाली. "आणि म्हैस चांगली दूध देत होती."

ठरलं ते असं. इंजिन, मीटर, काचा, जाळी यांना गिऱ्हाईक आहे. कराडला एकाकडे धड पत्र्याची पद्मिनी आहे, त्याला इंजिन हवंय. पण आधी अप्पांच्या नावावरून कागद काढायचे, मग गाडी अधिकृत भंगार केंद्रात, मग नोंदणी रद्द. क्रम चुकला तर कटकट आपल्याच गळ्यात, हे एजंटाने तीनदा बजावलंय. मी फक्त बघणार आहे.

दादाला काल व्हिडिओ पाठवला. जॅक आत शिरतानाचा नाही, दाराचा. वर उचललं, लागत नाही. खाली सोडलं, लागतं. दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ काही नाही. मग रात्री अकराला एक ओळ: "दुसरी बॉडी मिळाली तर?"

आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा काढून पुसला.

"त्याला म्हणावं, आधी तू ये."