तुम्ही विचारलंत म्हणून : विद्यापीठ, गाव आणि एक फ्रेमवाला

पुण्या-मुंबईचे पाहुणे दुकानात आले की हटकून विचारतात, "तुमच्या बडोद्यात गाव आणि विद्यापीठ एवढं एकमेकांत मिसळलेलं कसं?" परवा तेच विचारायला भाच्याचा फोन आला. तो एका नव्या विद्यापीठात नोकरीला आहे, शहराबाहेर, हायवेला लागून. वरून हुकूम निघालाय, शहराशी भागीदारी करा. "मामा, सुरुवात कुठून करू?"

मी रावपुऱ्यात फोटो-चित्रांच्या फ्रेमा करतो. शिक्षण बारावी. पण महाराजा सयाजीराव विद्यापीठात मी तीन वर्षांचा असतानाच दाखल झालो होतो! चेतन बालवाडीत. १९५० पासून ही बालवाडी विद्यापीठाच्या गृहविज्ञानवाल्यांची प्रयोगशाळा आहे. बालविकास शिकणाऱ्या मुली तिथं गावातली पोरं बघून शिकतात. आई सांगायची, मी मणी ओवायला बसलो की शेजारी एक ताई वही घेऊन बसायची आणि मी मणी तोंडात घातला की लगेच लिहून घ्यायची. कोणाच्या तरी डिग्रीत माझाही हातभार आहे, एवढं मी हक्काने सांगतो.

विद्यापीठाची गोष्ट विद्यापीठाच्या आधी सुरू होते. बडोदा कॉलेज १८८१ चं. १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, तीच आजची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी, सूरसागराच्या काठाला. १८९० साली कलाभवन निघालं. दादासाहेब फाळके तिथं शिकले हे आपल्याला पाठ असतं, पण तिथं सुतारकाम, रंगकाम, रसायन हेही शिकवत, हे फारसं कोणी सांगत नाही. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर रसायनाचे. त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर आणि बी. डी. अमीन, आणि या मंडळींनी १९०७ साली अलेम्बिक ही औषधांची कंपनी काढली. शाळेतून कारखाना निघाला आणि कारखान्याने गावाला पगार दिला. तेव्हा करारपत्रावर सह्या करताना कोणी फोटो काढला होता की नाही, देव जाणे. आमचे आजोबा याच कलाभवनात रंधा धरायला शिकले. दुकान त्यांचं.

विद्यापीठ अधिकृतपणे सुरू झालं ३० एप्रिल १९४९ ला. दुसऱ्या दिवशी, १ मेला, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. घर सोडताना शेवटची चावी शेजाऱ्याच्या हातात द्यावी तसं काहीसं. आणि हे सगळं एका कुंपणात कधीच नव्हतं. तंत्रशाखा दांडिया बाजाराजवळ कलाभवनात, संगीत सूरसागराला, चित्रकला पुष्पबागेत. पोरांना एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचं तर गावातूनच जावं लागतं, वाटेत भूक लागते, चप्पल तुटते, फ्रेम लागते.

फ्रेमेचंच सांगतो. उन्हाळ्यात फाइन आर्ट्सचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पोरांना सगळं काल हवं असतं आणि पैसे पुढच्या महिन्यात. वडिलांच्या वेळची गोष्ट. एक मुलगा मोठा कॅनव्हास घेऊन आला, पावसाळी हवेने पोट सुटल्यासारखा ढिला पडलेला. त्याला वाटलं, चित्र गेलं. वडिलांनी कॅनव्हास उलटा केला, स्ट्रेचरच्या, म्हणजे मागच्या लाकडी चौकटीच्या, चारही कोपऱ्यांत लाकडी पाचरी बसवल्या आणि छोट्या हातोडीने टकटक, एकेक कोपरा थोडाथोडा. घाईने एकच कोपरा ठोकला तर चौकट वाकडी होते. दहा मिनिटांत कापड डफासारखं वाजायला लागलं. तो मुलगा पुढे शिक्षक झाला आणि दर वर्षी पहिल्या वर्षाची पोरं आमच्याकडे पाठवू लागला, "एक दिवस नुसतं बसा" म्हणून. बसतात, चहा पितात, पाचर कशी तासायची ते बघतात. बदल्यात मला कळतं की माउंटचा, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याचा, रंग चित्रातला उचलायचा नसतो. वीस वर्षं मी तोच उचलत होतो.

फाइन आर्ट्सचा मेळावाही असाच. तिथे शिकवणारे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या पुढाकाराने सुरू झालेला, विद्यार्थी-शिक्षकांनी हाताने केलेली खेळणी गावाने विकत घ्यायची. आमच्या घरात एक लाकडी पक्षी आहे, शेपूट तुटलेली. टाकवत नाही.

आता दुसरी बाजू. मध्यंतरी एका संस्थेने 'शहर आणि उच्चशिक्षण' अशा विषयावर सभा घेतली. कारागिरांचा प्रतिनिधी म्हणून मला शाल-श्रीफळ. तीन तास बसलो, एकाने एक प्रश्न विचारला नाही. परत बोलावणंही नाही. शाल चांगली होती, थंडीत वापरतो.

आणि एक गोष्ट मनाला लागलेली आहे. विद्यापीठाच्या सेनेटवर, म्हणजे त्याच्या मोठ्या सभेवर, नोंदणीकृत पदवीधर निवडून जायचे. थोरला भाऊ बी.कॉम., तो मत द्यायला जायचा तेव्हा रावपुऱ्यात ओट्याओट्यावर चर्चा, हा कसा, तो कसा. २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सेनेट आणि सिंडिकेट (कार्यकारी समिती) दोन्ही गेली, व्यवस्थापन मंडळ आलं. कारभार नीट होईल म्हणतात, होवो. सेनेटच्या राजकारणात शहाणपणा होता असंही नाही. पण आता विद्यापीठाचं काही बिघडलं तर आमचा भाऊ चिडतो तो पेपर वाचणाऱ्यासारखा. पूर्वी घरातल्या माणसासारखा चिडायचा.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, हे दीडशे वर्षांचं आहे. मला मार्चपर्यंत अहवाल द्यायचाय."

मी विचारलं, "तुमच्या गेटाबाहेर कोण बसतं?"

"कोणी नाही. बसू देत नाहीत. कँटीन आत आहे."

"फर्निचर मोडलं तर?"

"टेंडर निघतं."

"आणि जवळच्या गावात सुतार आहे का?"

थोडा वेळ तिकडून काहीच नाही. मग म्हणाला, "असेल की. बघावं लागेल."

त्याला म्हटलं, आधी बघ, मग दोन दिवस सवड काढून इकडे ये. कलाभवनापासून निघू, सूरसागरावरून, रावपुऱ्यातून, पार पुष्पबागेपर्यंत, सगळं पायी. गाडी आणू नकोस, रावपुऱ्यात लावायला जागा मिळत नाही.